‘सर, मागे पाच ठेवू या’: कोचने खेळाडूंचं किती ऐकावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकत असेल तर सांगा. तुम्ही १८ वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल संघ सांभाळता. ४-३-३ खेळवता, म्हणजे मागे चार बचावपटू, मध्ये तीन मिडफिल्डर आणि पुढे तीन (कडांना विंगर, मधे स्ट्रायकर). आणि बॉल गेला की लगेच वरच प्रेस करायचं, म्हणजे समोरच्याच्या बाजूलाच धावून दबाव आणायचा, ही तुमची पद्धत आहे. सलग चार सामने हरल्यावर कप्तान आणि दोन जुनी मुलं तुमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, हे वर जाऊन प्रेस करणं बंद करू या, मागे पाच ठेवू या." तुम्ही तिथल्या तिथे नाही म्हणालात. तेव्हापासून मुलं सरावाला येतात, सांगितलं तेवढं करतात आणि निघून जातात. एक जुना कोच तुम्हाला म्हणाला, एकदा ऐकलंत की डोक्यावर बसतील. दुसरा म्हणाला, हल्लीच्या मुलांना विश्वासात घेतल्याशिवाय काही होत नाही. म्हणून तुम्ही विचारताय की खेळाडूंचं नेमकं किती ऐकावं.

मी २२ वर्षं कोचिंग करतोय. त्यातली बहुतेक १४ ते १९ वयाच्या मुलांबरोबर, मधली चार वर्षं मोठ्यांच्या संघाबरोबर. सुरुवातीला बरीच वर्षं मी कुणाचंच ऐकत नव्हतो. मग एक हंगाम असा गेला की सगळ्यांचं सगळंच ऐकलं. दोन्ही वेळा संघाचं नुकसान झालं, म्हणून तुमची अडचण मला जवळची वाटते.

मुलं तुमच्याकडे आली तेव्हा त्यांनी एका वाक्यात दोन गोष्टी सांगितल्या. एक, "मैदानावर आम्हाला काहीतरी झेपत नाहीये." दोन, "त्यावर उपाय म्हणजे मागे पाच ठेवणं." पहिल्या गोष्टीत ती मुलं तुमच्यापेक्षा जास्त जाणकार आहेत, कारण ते ९० मिनिटं त्यांच्याच अंगावर येतं. दुसऱ्या गोष्टीत तुम्ही जास्त जाणकार असायला हवं, कारण अख्ख्या संघाचा विचार करणं तुमचं काम आहे. तुम्ही उपायाला नाही म्हणालात, पण मुलांनी असं घेतलं की त्यांच्या त्रासालाच तुम्ही नाही म्हणालात. मला वाटतं, ती गप्प झाली ती यामुळे. कुठे दुखतं ते ज्याचं त्यालाच विचारावं लागतं. औषध कोणतं द्यायचं, ते मात्र त्याने ठरवायचं नसतं.

हे मला एका लेफ्ट बॅकने, म्हणजे मागच्या फळीत डावीकडे खेळणाऱ्या मुलाने शिकवलं. १६ वर्षांचा मुलगा, अतिशय शांत, काहीही सांगा, "हो सर." एका सामन्यात मी पूर्ण पहिला हाफ मैदानाच्या कडेच्या टचलाइनवरून त्याच्यावर ओरडत होतो, "वर जा, विंगरला साथ दे!" तो चार पावलं जायचा आणि थांबायचा. मी धरून चाललो की हा घाबरतोय. सामन्यानंतर सगळे गेल्यावर तो बूट काढत बसला होता. मी शेजारी बसलो आणि पहिल्यांदाच ओरडल्याशिवाय विचारलं, "तू थांबत का होतास?" त्याने काही न बोलता पाण्याच्या चार बाटल्या जमिनीवर मांडल्या. हा मी, हा आपला लेफ्ट विंगर, हा आपला मिडफिल्डर, हा त्यांचा राइट विंगर. मग आपल्या विंगरची बाटली आत सरकवली. "हा आत गेला की सर, मी वर जातो. पण बॉल गेला तर इथे कोणी नसतं." मिडफिल्डरची बाटली जिथे असायला हवी होती, तिथे त्याने बोट ठेवलं. "हा पुढे राहतो. मग त्यांचे दोघं आणि मागे मधोमध आपला एकटा सेंटर बॅक. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा झालं, म्हणून मी जाणं बंद केलं."

त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. आपण टचलाइनवर उभे असतो, डोळे जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर. समोरच्या बाजूच्या खेळाडूंमधलं अंतर आपल्याला नीट दिसतच नाही, सगळे एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. त्या मुलाला दिसत होतं, आणि त्याने स्वतःच्या डोक्याने संघाला दोन गोल वाचवून दिले होते. त्याबद्दल मी ४५ मिनिटं त्याला सगळ्यांसमोर भित्रा ठरवत होतो. पुढच्या सरावात मी मिडफिल्डरला डावीकडची मोकळी जागा झाकायला शिकवलं. लेफ्ट बॅक वर जायला लागला. मी त्याची माफीही मागितली, तीही सगळ्यांसमोरच.

लक्षात घ्या, त्या मुलाने उपाय सुचवलाच नव्हता. त्याने फक्त दिसलेलं सांगितलं. तुमच्या मुलांकडूनही आधी तेच काढून घ्या. तुमचा संघ मी पाहिलेला नाही, पण "प्रेसिंग नको, मागे पाच ठेवू" ही मागणी मी अनेकदा ऐकली आहे आणि बहुतेक वेळा तिच्यामागे एकच गोष्ट निघाली: पुढचे प्रेस करायला धावतात आणि मागची लाइन त्यांच्याबरोबर वर येत नाही. संघ एकत्र असेल तर सगळ्यात पुढचा खेळाडू आणि बॅक लाइन यांच्यात साधारण ३० मीटर अंतर असतं. तेच ४५-५० झालं की मिडफिल्डमध्ये भलंमोठं मैदान मोकळं पडतं. समोरच्याने एक पास त्या जागेत घातला की स्ट्रायकरची धाव वाया जाते, मिडफिल्डरना मागे पळावं लागतं आणि सेंटर बॅक उघडे पडतात. असं वीस वेळा झालं की कुठल्याही मुलाला वाटणारच, मागे आणखी एक माणूस द्या.

मग सेंटर बॅक वर का येत नाहीत, हे त्यांनाच विचारायचं. एकदा मला उत्तर मिळालं होतं, "सर, बॉल डोक्यावरून आला तर मागे कोण आहे?" गोलकीपर गोललाइनला चिकटून उभा राहत होता! आम्ही आधी गोलकीपरला बॉक्सच्या कडेपर्यंत पुढे आणलं, मग सेंटर बॅक आपोआप वर आले. दुसऱ्या एका संघात अडचण दमाची होती. मुलं प्रत्येक बॉलवर धावत होती आणि ६० मिनिटांनंतर पाय संपत होते. तिथे आम्ही प्रेस कधी करायचा ते ठरवून घेतलं: गोलकीपरकडे बॅक पास गेला, समोरच्याचा पहिला टच सुटला, किंवा त्याने आपल्याच गोलकडे तोंड करून बॉल घेतला, तरच. एरवी सगळ्यांनी हाफलाइनपर्यंत मागे यायचं. मुलांच्या तक्रारीचा मान राहिला, माझी पद्धतही राहिली. आणि कधी असंही होतं की तुमचे सेंटर बॅक खरंच संथ असतात, त्यांना उंच लाइन, म्हणजे मागची फळी एवढी पुढे ठेवणं, कधीच झेपणार नाही. तसं असेल तर मागे पाच ठेवणं हा शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो. तो घ्यायला लाजू नका. फक्त तो कारण समजल्यावर घ्या, चार सामने हरलो म्हणून नको.

यात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करतो. १२ वर्षांच्या मुलाला फॉर्मेशन विचारण्यात अर्थ नाही, पण "सराव कंटाळवाणा होतोय" असं तो म्हणाला तर ते फार गांभीर्याने घ्यायला हवं. चार-पाच कोचांच्या हाताखाली खेळलेला २८ वर्षांचा सेंटर बॅक अनेकदा उपायही बरोबर सांगतो. तुमची मुलं १६-१७ ची, म्हणजे मधली. त्यांना दिसतं खूप, पण आपल्या जागेपुरतं. स्ट्रायकर सांगेल, मला बॉल मिळत नाही. मिडफिल्डर सांगेल, स्ट्रायकर जागा सोडत नाही. दोघं खरं बोलत असतात आणि दोघांचं जोडून चित्र तुम्हालाच काढावं लागतं.

आता शरीराबद्दल. इथे माझे नियम कडक आहेत आणि ते एकाच बाजूला झुकलेले आहेत. खेळाडू म्हणाला "दुखतंय", तर मी लगेच मानतो. तो म्हणाला "काही नाही सर, मी ठीक आहे", तर मी मानत नाही. पहिलं सांगायला त्याला धीर लागतो. दुसरं तो जागा जाऊ नये म्हणून सांगतो.

२०१४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये ही दोन्ही उदाहरणं एकाच संघात, एका तासाच्या आत दिसली. जर्मनीचा सामी खेदिरा सुरुवातीच्या अकरात होता. वॉर्म अपमध्ये त्याची पोटरी दुखावली आणि तो खेळला नाही. वर्ल्ड कपची फायनल सोडणं म्हणजे काय, याचा विचार करा. त्याच्या जागी क्रिस्टोफ क्रामर आला. १७ व्या मिनिटाला त्याच्या डोक्याला जोरात मार लागला. उपचार घेऊन तो परत खेळायला लागला आणि थोड्या वेळाने त्याने रेफरी निकोला रिझोलींना विचारलं, ही फायनलच आहे ना? ३१ व्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं. म्हणजे जवळजवळ १४ मिनिटं तो आपण कुठे खेळतोय हे माहीत नसताना मैदानावर होता. डोक्याला मार लागलेल्या मुलाचं मत विचारायचंच नसतं. त्याला बाहेर काढायचं, त्या दिवशी परत पाठवायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. तो रडला, चिडला, तरी.

त्याच वर्षी मे महिन्यात लिस्बनला युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल होती. आठवडाभर आधी स्नायू दुखावलेला स्ट्रायकर दिएगो कोस्ता आतलेतिको माद्रिदकडून सुरुवातीपासून उतरला आणि नवव्या मिनिटाला बाहेर आला. तेव्हा तीनच बदली मिळायच्या, त्यातली एक तिथेच संपली. आतलेतिको जादा वेळेत ४-१ ने हरला आणि कोच सिमेओनेंनी चूक आपली असल्याचं मान्य केलं. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की जबाबदारी कोचने घेतली. खेळाडूला खेळायचं असणारच, नाही म्हणायचं ते तुम्ही.

शरीराचं ऐकायची एक सोपी रीत सांगतो. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारा, आजचा सराव किती जड गेला, शून्य ते दहा. त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणा. ७ सांगितलं आणि ८० मिनिटं सराव झाला, तर ५६०. क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी ही पद्धत रूढ केली आणि मोठ्या क्लबांतही ती वापरतात. एकट्या आकड्यात फारसं काही नसतं. पण नेहमी ५ सांगणारा मुलगा तशाच सरावाला अचानक ८ सांगायला लागला, तर त्याला बाजूला घेऊन विचारा. झोप, परीक्षा, घरातलं काही, काहीही निघतं. जी मुलं तोंडाने कधीच बोलली नसती ती आकड्याने बोलतात.

सामना चालू असताना मात्र चर्चा नाही. बदलीचा बोर्ड वर गेला की खेळाडूने बाहेर यायचं, एवढंच. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंग्लंडच्या लीग कपच्या फायनलला पेनल्टी शूटआउटच्या तोंडावर चेल्सीचे कोच सार्रींनी गोलकीपर केपाला बाहेर बोलावलं आणि तो आलाच नाही. केपाला वाटलं, कोच आपल्याला जखमी समजताहेत, आणि तो हातवारे करून सांगत राहिला की मी ठीक आहे. दुसरा गोलकीपर टचलाइनवर तयार उभा राहून गेला. चेल्सी शूटआउट हरली. याच्या उलट २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सचे कोच व्हॅन खालनी कोस्टा रिकाविरुद्ध शूटआउटच्या आधी शेवटच्या क्षणी गोलकीपर सिलेसनच्या जागी टिम क्रुलला आणलं. क्रुलला ही शक्यता आधीच सांगून ठेवलेली होती, त्याने दोन पेनल्टी अडवल्या आणि नेदरलँड्स जिंकला. सिलेसनला मात्र काहीच सांगितलं नव्हतं आणि तो बाहेर येताना भडकला होता. त्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून सांगितलं नाही, हा तर्क मला कळतो. मी असतो तर १७ वर्षांच्या गोलकीपरला आदल्या दिवशी सांगितलं असतं. व्यावसायिक खेळाडू असा धक्का पचवतो, मुलगा वर्षभर मनात ठेवतो.

हाफ टाइमचा अपवाद. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १५ मिनिटं मिळतात, त्यातली पहिली तीन-चार मी काहीच बोलत नाही. पाणी पिऊ देतो, श्वास खाली येऊ देतो. मग दोनच मुलांना विचारतो, आणि "कसं वाटतंय?" असं कधीच विचारत नाही. त्याला "ठीक आहे सर" हेच उत्तर येतं. मी विचारतो, "त्यांचा सहा नंबर बॉल घ्यायला खाली येतो तेव्हा तू कुणाकडे बघतोस?" किंवा "तुझ्या मागे कोण धावतंय?" अशा प्रश्नाला थापा मारता येत नाहीत. आणि यातला एक प्रश्न मी नेहमी बेंचवरच्या मुलाला विचारतो. सामन्याआधीच त्याला काम दिलेलं असतं: त्यांचा राइट बॅक किती वेळा वर जातो ते बघ. न खेळलेल्या मुलाने ४५ मिनिटं सामना पाहिलेला असतो, तोही न दमता. अशी मुलं पुढे मैदानात उतरतात तेव्हा बाकीच्यांपेक्षा लवकर सामन्यात येतात, हे मी वारंवार पाहिलंय.

यावरून तुमच्या बाबतीत एक शंका येते. तुमच्याकडे तिघं आले, तेही कप्तान आणि जुनी मुलं. बाकीच्या पंधरा-सोळांचं काय मत आहे? मी ज्या हंगामात सगळं ऐकलं म्हणालो, तेव्हा प्रत्यक्षात मी चार मोठ्या आवाजांचंच ऐकत होतो. त्यांनी सुचवलेली टीम, त्यांनी सुचवलेल्या जागा. अर्ध्या हंगामात तीन राखीव मुलं सोडून गेली आणि जाताना एकानेही तक्रार केली नाही. त्यातला एक माझ्या आजवर पाहिलेल्या चांगल्या मिडफिल्डरांपैकी होता. तेव्हापासून अकरा कोण, हे मी खेळाडूंना विचारत नाही. मित्राला वगळायला सांगण्याचं ओझं मुलावर टाकूच नये. पण ज्याला वगळलं त्याला कारण मी स्वतः, यादी लागायच्या आधी, समोर बसवून सांगतो.

जुन्या कोचने तुम्हाला घातलेली भीती पूर्ण खोटी नाही. मुलं डोक्यावर बसतात, पण केव्हा? रुसल्यावर कोच बदलतो हे कळलं की. कारण सांगितल्यावर कोच बदलतो हे कळलं तर ती कारणं शोधायला लागतात, आणि कारणं शोधणारा खेळाडू तुम्हाला हवाच आहे. त्यामुळे अबोल्यापुढे झुकून पद्धत बदलू नका, मुद्दा पटला तर जरूर बदला आणि कोणता मुद्दा पटला ते नाव घेऊन सांगा. पटला नाही तरी उत्तर द्या. मी एकदा पूर्ण संघाकडून लेखी सूचना घेतल्या, चिठ्ठ्या पिशवीत ठेवल्या आणि महिनाभर त्यावर अवाक्षर काढलं नाही. पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. बोलण्याची वाट बंद राहिली तर कुठवर जातं, ते २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सच्या संघाने दाखवलं. त्यांचा स्ट्रायकर अनेल्काला घरी पाठवल्यावर खेळाडूंनी सराव करायला नकार दिला आणि त्यांचं पत्रक कोच दोमेनेकलाच कॅमेऱ्यांसमोर वाचावं लागलं. एका गुणावर ते गटातच बाहेर पडले.

थोडक्यात, शरीराचं दुखणं लगेच माना. मैदानावर काय दिसतं ते खोदून विचारा. उपाय ऐका, पण ठरवा तुम्ही. निवड स्वतःकडे ठेवा. सामन्याच्या वेळी चर्चा नको.

तुमच्यासाठी या आठवड्यात एवढंच करा. पुढच्या सरावाच्या १५ मिनिटं आधी त्या तिघांना आणि दोन्ही सेंटर बॅकना, शिवाय एका राखीव मुलाला बोलवा. आधी सांगा की त्या दिवशी घाईत नाही म्हणालो, पूर्ण ऐकलं नव्हतं. मग खेळाडूंच्या जागी सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडा आणि म्हणा, शेवटच्या सामन्यातला दुसरा गोल मला दाखवा, कोण कुठे होता. मध्ये बोलू नका, त्यांना कोन हलवू द्या. ती आपापसांत वाद घालतील, घालू द्या. मग विचारा, त्या क्षणी प्रत्येकाला काय हवं होतं. उपाय त्याच दिवशी जाहीर करू नका, "दोन दिवसांत सांगतो" म्हणा आणि दोन दिवसांत खरंच सांगा. सेंटर बॅक काय म्हणाले ते मला इथे लिहा, विशेषतः गोलकीपर कुठे उभा होता ते. मागे चार की पाच, याबद्दल मग आपल्याला नेमकं बोलता येईल.